तुम्ही घडवलेला वर्ग पटावर कुठे अडला? (अनुभव धागा)

आबोली
गणेशचवथीच्या साफसफाईत माळ्यावरच्या पेटीतून जुन्या वर्गांच्या, म्हणजे खेळातल्या पात्रप्रकारांच्या, कार्डांची गड्डी निघाली आणि सगळं आठवलं. फासे-कागद-पेन्सिलीच्या भूमिका-खेळांसाठी ज्यांनी स्वतः वर्ग घडवलेत त्यांनी इथे लिहावं. आकड्यांसकट लिहा, नुसतं 'मजा आली' नको.

गड्डीत सगळ्यात वर 'रेंदेर' आहे, म्हणजे माडाची ताडी (सूर) उतरवणारा. कमरेला काती (कोयता), पाठीवर भोपळ्याचं दुदिणं (सूर भरायचं भांडं). कार्डावर अकरा कसबं लिहिली आहेत, हाच त्याचा दोष. खरा रेंदेर माडावर दिवसातून तीनदा चढतो, सकाळ-संध्याकाळ सूर उतरवायला आणि दुपारी पोय (माडाचा फुलोरा) तासायला. सगळा वर्ग त्यातच आहे. दिवसाला तीन 'चढ' द्यायचे आणि प्रत्येक कसब त्यातूनच खर्च करायचं. अकरातली तीन राहतात, आठ गळतात.

कार्डावर चारच ओळी: कधी, किंमत, काय होतं, कधी संपतं.

झेप
कधी: शत्रूपेक्षा किमान १० फूट उंचावर असताना, वार लागल्यावर.
किंमत: एक चढ.
काय: २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे, बेरीज) जादा इजा. तू त्याच्या शेजारच्या चौकोनात उतरतोस, पडल्याची इजा नाही.
संपतं: लगेच.

'वार लागल्यावर' हे शब्द फार महत्त्वाचे. आधी खर्च करायला लावलं आणि वार चुकला, तर दिवसातल्या तिनातला एक फुकट जातो. मग खेळाडू ते कसब शेवटपर्यंत जपून ठेवतो आणि वापरतच नाही.

वीसकोनी
आबोलीताय, कल्पना सुरेख, पण आकडा कमी पडतोय. डी२० च्या (वीस बाजूंच्या फाशाच्या) खेळात, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये, तिसऱ्या लेव्हलच्या 'रोग' (rogue, चोर) वर्गाचा चोरवार २डी६, सरासरी ७. वार लागण्याची शक्यता ६५ टक्के धरली तर फेरीला साडेचार. चार-चार फेऱ्यांच्या तीन चकमकी म्हणजे १२ फेऱ्या, सुमारे ५४. रेंदेराचे तीन चढ दिवसभरात देतात २१. खेळाडूला हे दुसऱ्याच सत्रात जाणवेल.

तासाभराच्या विश्रांतीला तिन्ही चढ परत द्या. दिवसात अशा दोन विश्रांत्या झाल्या तर ९ चढ, ६३. थोडं जास्त दिसतं, पण त्याला उंची हवी आणि तेच चढ इतर कसबांनाही लागतात, म्हणून बरोबर बसतं.

आबोली
अगदी. कार्डावर खोडून लिहिलं.

डिचोलीकार
'वर्ग' म्हटलं की शाळेचा वर्गच डोळ्यांपुढे येतो हो. 'पेशा' म्हणा ना. रेंदेर, पोदेर (पाववाला), पागी (मासे पकडणारा), सगळे पेशेच.

खाजन
पेशा चालेल, पण पिशाच्चाशी करार केलेल्याला पेशा कसं म्हणणार? आमच्या टेबलावर सरळ 'क्लास'च म्हणतात. 'कसब' मात्र छान आहे, 'ॲबिलिटी'पेक्षा कितीतरी बरं.

मूळ मुद्दा. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीवरून (पाणी अडवणाऱ्या दारावरून) एक रक्षक वर्ग होतो. मानशीचं लाकडी दार भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं आणि सुकतीला (ओहोटीला) आतलं पाणी ते उघडून बाहेर पडतं. कोणी बटण दाबत नाही. तोच नियम करायचा: रक्षकावर वार लागला की 'दार मिटतं', पुढची पाळी येईपर्यंत संरक्षणाचा आकडा (वार लागायला शत्रूचा फासा आणि बोनस मिळून जेवढे व्हावे लागतात तो) +२. एका पूर्ण फेरीत कोणीच त्याच्यावर वार केला नाही तर 'दार उघडतं' आणि पुढच्या लागलेल्या वाराला १डी८ जादा. दोन रंगांची एक चकती कार्डावर ठेवायची, उलटली की स्थिती बदलली.

यात दोन गोष्टी बिघडतात. पहिली, दर पाळीला चकती उलटायची सक्ती केली तर अर्ध्या पाळ्या 'चुकीच्या बाजूला' जातात आणि खेळाडू नुसता बसून राहतो. दोन्ही बाजू उपयोगाच्याच हव्यात. दुसरी, +२ साधं वाटतं पण डी२० वर प्रत्येक +१ म्हणजे पाच टक्के. चिलखत-ढालीने आधीच २० वर असलेल्याला +२ दिलं, तर +५ ने मारणाऱ्या शत्रूची शक्यता ३० वरून २० टक्क्यांवर येते. म्हणजे एक तृतीयांश मार गायब. म्हणून हा वर्ग जड चिलखताला मोकळा ठेवू नका.

वीसकोनी
खाजनचं शेवटचं वाक्य सगळ्यांनी लिहून ठेवा.

माटोळी
भाजी फोडणीला टाकलीय, पटकन विचारते. दहा वर्षांच्या मुलांसाठी काय करावं? डी२०, डी१२ वगैरे घरात नाहीत, सापशिडीचे फासे आहेत.

पोंपों
माटोळीताय, सहाचे फासे पुरे. ४ किंवा वर आलं की जमलं. एक फासा टाकला तर ५० टक्के, दोन टाकून एकजरी जमला तर ७५, तीन टाकले तर साडेसत्त्याऐंशी. आपल्या पेशाचं काम असेल तर दोन फासे, दुसऱ्याने मदत केली तर तिसरा. तिनावर थांबा, चौथ्याने हरण्याची भीतीच जाते. प्रत्येकाला तीन कसबं, त्यातलं एक लढाईबाहेरचं. पोदेराला 'सकाळी सगळ्यात आधी गावभर फिरतो, म्हणून बातमी कळते' हे दिलं की मुलं लढाई विसरून घरोघर प्रश्न विचारत फिरतात.

माटोळी
देव बरें करूं! पोदेर नक्की.

केवडो
दोन सहा-फाशांची बेरीज करून खेळायच्या पद्धतीत हिशेब वेगळा लागतो. तिथे ६ पर्यंत अपयश, ७ ते ९ अर्धं यश, १० किंवा वर पूर्ण. बोनस नसेल तर ४२, ४२ आणि १७ टक्के. नुसत्या +१ ने २८, ४४, २८ होतं. +३ च्या वर जाऊ देऊ नका, +३ लाच अपयश ८ टक्क्यांवर येतं, त्यापुढे गोष्ट सपाट होते.

या पद्धतीत कसब लिहिताना सगळी मेहनत ७ ते ९ च्या ओळीवर घ्या. सगळ्यात जास्त वेळा तीच वाचली जाते. 'काहीतरी अडचण येते' असं मोघम लिहू नका. 'एक निवड: आवाज होतो, वस्तू तुटते, किंवा सोबती उघड्यावर येतो' असं लिहा.

मांडवीपलीकडे
वाट शोधणाऱ्या वर्गाबद्दल. म्हादईच्या खोऱ्यासारखं घनदाट रान, जळवा, पाऊस, ओहळ फुगलेले, हे सगळं खेळवायचंय आणि वाटाड्याच्या कार्डावर लिहिलंय 'तू कधीच वाट चुकत नाहीस'. संपलं! ज्या भागासाठी तो वर्ग घेतला तोच भाग त्याच्या कसबाने पुसला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतल्या रेंजरचं (वाटाड्या वर्गाचं) नेमकं हेच दुखणं: आवडीच्या प्रदेशात जादूशिवाय वाट चुकत नाही. कसबाने अडचण रद्द करू नये, तिथे निवड द्यावी. उदा. 'दोन वाटा तुला दिसतात. जवळची कोणती आणि सुरक्षित कोणती, तेही कळतं.' आता टेबलावर बोलणं सुरू होतं.

असाच धोका १९७५ साली चोर वर्ग आला तेव्हा दिसला. १९७४ च्या मूळ खेळात लढवय्या, जादूगार आणि पुरोहित असे तीनच वर्ग. दबकत चालणं चोराच्या नावावर टक्क्यांत लिहिलं गेलं आणि मग बाकीच्यांनी ते करायचं की नाही हा प्रश्न उभा राहिला. नवीन कसब लिहिण्याआधी तपासा: हे आजवर कोणीही करू शकत होतं का? तसं असेल तर 'करू शकतोस' लिहू नका, 'जास्त वेगाने' किंवा 'आवाज न करता' लिहा.

देवराई
राखणदारावरून वर्ग करायचाय. रात्री काठी आपटत गावाची शीव सांभाळणारा, खांद्यावर घोंगडी, वहाणा झिजलेल्या. शक्ती फक्त शिवेच्या आत. अडचण अशी की पथक दुसऱ्याच सत्रात गाव सोडतं आणि हा रिकामा.

खाजन
शीव सोबत न्या. एक पाळी खर्चून धोंडा ठेवायचा, भोवती ३० फुटांचं वर्तुळ म्हणजे शीव. आत असताना सोबत्यांना भीतीच्या फाशाला फायदा, म्हणजे दोन डी२० टाकून मोठा घ्यायचा, आणि आत शिरणाऱ्या शत्रूचा वेग निम्मा. धोंडा उचलायलाही एक पाळी. त्यामुळे 'कुठे ठेवू' हा खरा प्रश्न होतो. एकावेळी एकच धोंडा, नाहीतर तिसऱ्या चकमकीला नकाशा वर्तुळांनी भरतो.

डिचोलीकार
आणि नैवेद्याला रोट ठेवल्याशिवाय पहाटे धोंडा जागा होत नाही, एवढं एक घाला. पण कुठल्याही खऱ्या देवस्थानाचं नाव नको, टेबलावरच्या सगळ्यांना आधी विचारा. ज्याच्या वाड्यावर खरोखर रोट ठेवतात त्याला ते खेळात आलेलं खटकू शकतं.

देवराई
हो, विचारूनच. रोटाची कल्पना फार आवडली, विश्रांतीला जोडते.

वीसकोनी
विश्रांतीवरून आठवलं. पाचव्या आवृत्तीचं २०१४ चं मार्गदर्शक दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी धरतं. रविवारी दुपारी तीन तास खेळणाऱ्या टेबलावर दोन झाल्या तरी पुष्कळ. मग रात्रीच्या झोपेवर शक्ती भरणारा जादूगार दोनच चकमकींत सगळं ओततो आणि लढवय्या बघत राहतो. पाचव्या लेव्हलला एक अग्निगोळा ८डी६, म्हणजे प्रत्येकी २८, वाचवणीचा फासा जमला तर निम्मा. त्याच लेव्हलचा मोठी तलवार चालवणारा फेरीला दोन वारांत, ताकदीचा +४ आणि लागण्याची शक्यता ६५ टक्के धरून, सरासरी १४. म्हणून स्वतःचा वर्ग लिहिताना 'दिवसाला ३' असं कागदावर टाकण्याआधी तुमच्या टेबलाचा दिवस किती चकमकींचा असतो ते मोजा. दोन असतील तर आकडा 'चकमकीला १' असा लिहा.

आबोली
हे आमच्याकडे कोणीच मोजत नाही!

केवडो
तपासणी कशी करता? तीन प्रसंग पुरतात: एक मोठा शत्रू, आठ लहान शत्रू, आणि एक प्रसंग जिथे शस्त्र काढायचंच नाही. पहिल्यात ढासळला तर इजा कमी, दुसऱ्यात अडकला तर एका पाळीत फार फासे, तिसऱ्यात गप्प बसला तर कार्ड अपुरं. फोनवर वेळ लावा. पाळीला दीड मिनिटापेक्षा जास्त लागत असेल तर कसब कापा. प्राणी बोलावणारे वर्ग इथेच मरतात: चार लांडगे म्हणजे चार हल्ले, चार इजा. एकच लांडगा द्या, इजा ठरलेली ठेवा, फासा नको.

पोंपों
पावसात कार्डं सादळतात आणि कडा वळतात, त्यावर काय?

माटोळी
साधी ३ बाय ५ इंची कार्डं घ्या, छापण्याआधी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. लॅमिनेशन करणार असाल तर कडेला थोडी मोकळी जागा सोडून कापा, नाहीतर तिथून ओल शिरते. पण सुरुवातीचे मसुदे पेन्सिलीनेच बरे, खोडायला येतात.

मांडवीपलीकडे
कोणी छापून वाटायचा विचार करत असेल तर: पाचव्या आवृत्तीचा नियमसंच ५.१ जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश ४.० या परवान्याखाली खुला आहे. श्रेयाची ओळ टाकली की त्यावर बेतलेला रेंदेर विकताही येतो. त्या संचात नसलेली राक्षसांची किंवा जगांची नावं मात्र उचलू नका.

आबोली
मग रेंदेराचं मराठी कार्ड मी उद्या स्वच्छ लिहून इथे टाकते. खाजन, मानशीचा रक्षक तुम्ही टाका, चकतीच्या मापासकट.

खाजन
चकती २५ मिलिमीटर, एक बाजू निळी, एक मातकट. संध्याकाळी टाकतो.