पन्नाशीच्या उंबऱ्यावर घर: विकत घ्यावं की भाड्यानेच राहावं? बेळगाव-खानापूर-निपाणीकडचे अनुभव सांगा

टिळकवाडी, वय 47

लग्न झाल्यापासून आम्ही भाड्याच्याच घरात आहोत. मालक चांगले, शाळा-बाजार पायाखाली, त्यामुळे कधी विचारच केला नाही. आता मालकांचा मुलगा बंगळूरहून परत येतोय आणि वर्षभरात जागा सोडायची आहे. मिस्टर उद्यमबागेत फाउंड्रीत सुपरवायझर, मी खाजगी शाळेत शिकवते. मुलगी बारावीला.

हिशेब असा मांडलाय. 30 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी मिळालं तर हप्ता 26,000 च्या आसपास. पण मिस्टर 48 चे, नोकरी साठीपर्यंत. म्हणजे 12 वर्षांत फेडायचं, तर तोच हप्ता 33,300. सध्याचं भाडं 11,000. मधल्या 22,000 त मुलीचं पुढचं शिक्षण आणि सासूबाईंचं औषधपाणी दोन्ही बसतं.

तुम्ही याच वयात काय केलंत, आणि कशामुळे, ते सांगा. "स्वतःचं ते स्वतःचं" हे घरी रोज ऐकतोय. आकडे आणि कारणं हवीत.

अनगोळ, वय 53

अक्का, आम्ही घेतलं. मी तेव्हा 49 चा. हप्ता भाड्याच्या दुप्पट होता, तरी घेतलं, आणि कारण होतं आई.

तिचे गुडघे गेलेले. संडासात धरायला भिंतीत एक दांडी बसवायची होती, पण मालकांना टाइलला भोक पाडलेलं नको होतं. त्यांचं चुकलं असं म्हणत नाही, घर त्यांचं. तळमजल्याची जागा भाड्याने शोधली, तर मिळेल ती वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. शेवटी तळमजल्याचा जुना फ्लॅट विकत घेतला. राहायला जायच्या आधीच गवंडी बोलावून दांड्या बसवल्या आणि बाथरूमचा उंबरा काढला. आई आता कुणाला हाक न मारता जाऊन येते. याचा हिशेब कागदावर कसा मांडायचा ते मला ठाऊक नाही, पण आमचा निर्णय त्यावरच झाला.

पैसे पीएफमधून आणि चंदगडकडची माझ्या वाटणीची जमीन भावाला देऊन उभे केले, म्हणून कर्ज कमी लागलं. एक गोष्ट आधीच धरा. आमच्या वेळी नोंदणी शुल्क 1 टक्का होतं, 31 ऑगस्ट 2025 पासून कर्नाटकात ते 2 टक्के झालंय. 40 लाखांच्या घराला नुसते नोंदणीचेच 80,000, मुद्रांक शुल्क वेगळं. हे पैसे हातात रोख लागतात.

शहापूर, वय 50

आमचं घर म्हणजेच कारखाना. चार पॉवरलूम आहेत. नोकरदार माणूस भाड्याचं घर बदलतो तेव्हा टेम्पो बोलावतो, सामान भरतो, झालं. आम्हाला तसं जमत नाही. माग बसवायचा तर खाली काँक्रीटचा पाया लागतो, नाहीतर माग हलतो आणि आडवा धागा नेणारा धोटा उडतो. थ्री फेज कनेक्शनला जागामालकाची सही लागते. वर दिवसभर खडखडाट. कुठला मालक तयार होणार? जुन्या जागेचे मालक वारले, मुलांनी वाटणी केली, आणि पंचेचाळिशी ओलांडल्यावर आम्ही वडगावात छोटं घर घेतलं. सोसायटीचं कर्ज आणि बायकोचे दागिने, दोन्ही लागले.

घेण्याआधी ती जागा भर पावसात बघितली. 2019 च्या ऑगस्टमध्ये बळ्ळारी नाल्याच्या बाजूला काय झालं ते विणकरांना विचारा. मागात पाणी शिरलं की ताणा (मागावरचे उभे धागे) जातो, मोटर जाते, आणि घेतलेली ऑर्डरही जाते. उन्हाळ्यात सगळ्या जागा चांगल्याच दिसतात. बेळगावात घर बघायचं तर जुलैत बघा, शेजाऱ्यांच्या भिंतीवर ओलीची रेघ कुठवर आहे ते बघा.

मच्छेच्या बाजूला, वय 44

वर सगळे पैशाचं बोलले, मी कागदांचं बोलते. सासऱ्यांनी फार पूर्वी पंचायत हद्दीत दीड गुंठा घेतलेला. शेतजमीन होती, एनए (बिगरशेती) न करताच तुकडे पाडलेले. आम्ही त्यावर घर बांधायचं ठरवलं आणि बँकेत गेलो. पंचायतीच्या ई-स्वत्तूत (मालमत्तांच्या ऑनलाइन नोंदीत) रीतसर मालमत्तेला फॉर्म 9 आणि 11-अ मिळतो. आमच्या हातात होता 11-ब, म्हणजे रीतसर नसलेल्या जागेचा. बँकेने कर्ज नाकारलं. आज तिथे दोन खोल्या आहेत, जसे पैसे साठतील तसं बांधतोय, आणि राहतो भाड्यानेच. शहरातसुद्धा हेच, तिथे ए खाता (रीतसर जागेची नोंद) की बी खाता (रीतसर नसलेल्या जागेची) ते बघावं लागतं. बी खात्यावर कर भरून घेतात, पण म्हणून जागा रीतसर झाली असं होत नाही.

दुसरं, दस्त सगळे कन्नडमधून. मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीला कन्नड बोलता येतं, पण खरेदीखत वाचायचं म्हटलं की अडतं. एजंट तोंडी सांगेल त्यावर सही करू नका. आपल्या ओळखीचा वकील धरा, निदान 30 वर्षांची ईसी (जागेवरचे व्यवहार आणि बोजा दाखवणारा दाखला) काढा, आणि चतुःसीमा जागेवर उभं राहून दस्ताशी ताडून बघा. तिशी-पस्तिशीत कोर्टकचेरी झेपते. आपल्या वयात साठवलेली सगळी पुंजी त्यात अडकते.

निपाणी, वय 46

आम्ही भाड्यानेच आहोत, आणि विचार करूनच. नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. तिकडे घर घ्यावं असं सगळे म्हणतात, आणि खर्चाचं बघितलं तर खरंय: महाराष्ट्रात बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात 1 टक्का सवलत, नोंदणी फी 1 टक्का आणि तीही जास्तीत जास्त 30,000. इकडे 2 टक्के.

पण मुलगा दहावीला आहे. त्याला इंजिनिअरिंगला जायचंय. सीमाभागात राहून इथेच शिकलेल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात प्रवेशाची वेगळी सोय आहे. आत्ता उंबरठा ओलांडून पलीकडे गेलो तर ती सोय राहील का, दाखले कुठले धरतील, या घोळात त्याचं वर्ष घालवायचं नाही. त्याचा प्रवेश झाला की बघू. तोवर हप्त्याइतकी रक्कम दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाकतो, एकही महिना चुकवत नाही. भाड्याने राहून उरलेले पैसे असे बाजूला पडले नाहीत, तर भाड्याचा फायदा कुठे गेला ते कळतसुद्धा नाही.

खानापूर, वय 45

एकटी आहे. आठ हजार भाडं देते, घर घेणार नाही. गावाकडे आईच्या नावाचं कौलारू घर आहे, दर पावसाळ्याआधी कौलं परतून घेते. म्हातारपणी तिथेच जायचंय, मग शहरात कर्ज कशासाठी? भावांशी बोलून त्या घरावर माझं नाव लावून घ्यायचं काम मात्र यंदा करणार आहे.

हिंदवाडी, वय 66

मी मालकीण. वरचा मजला भाड्याने देते. भाड्याने राहायचं ठरवलंत तर अकरा महिन्यांच्या करारावर वर्षानुवर्षं काढू नका. थेट विचारा, तीन वर्षांचा करार करता का? वर्षाहून जास्त मुदतीचा करार नोंदवावा लागतो, थोडा खर्च येतो, पण दर वर्षी मनात धाकधूक राहत नाही. भाडं दर वर्षी किती वाढवायचं, रंग कुणी काढायचा, अनामत किती दिवसांत परत, सगळं त्यात लिहून घ्या. पन्नाशीतलं कुटुंब मिळालं तर आमच्यासारख्यांनाही बरंच असतं. घर नीट ठेवतात, लवकर सोडून जात नाहीत.

टिळकवाडी, वय 47

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मिस्टरांना आणि सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. अनगोळच्या दादांचं आईबद्दलचं ऐकून सासूबाई म्हणाल्या, माझ्यासाठी कर्ज काढू नका. पण त्यांचं वय 78 आहे आणि सध्याच्या घराला बारा पायऱ्या आहेत.

तूर्त असं ठरवलंय: 30 नाही, 18 लाखांपर्यंतच कर्ज. तो हप्ता 12 वर्षांसाठी 20,000 च्या आत बसतो. तेवढ्यात तळमजल्याची, ए खात्याची जुनी जागा मिळाली तर घ्यायची. मुलीच्या शिक्षणाच्या ठेवीला हात लावायचा नाही. दिवाळीपर्यंत तशी जागा मिळाली नाही तर तीन वर्षांचा नोंदणीकृत करार करून भाड्याने राहायचं.

भाग्यनगर आणि अनगोळच्या मधल्या बाजूला दोन जागा सुचवल्यात. तिकडे राहणाऱ्यांनी सांगा, मोठ्या पावसात रस्त्यावरचं पाणी तळमजल्यात येतं का? आणि नळाला पाणी किती दिवसांनी येतं?