मदत हवी आहे: मानेची गादी सरकली, फ्यूजन (दोन मणके जोडून टाकणं) करावं की कृत्रिम गादी? जास्तीचे पैसे वसूल होतात का?

यावलकर: रुग्ण ४४ वर्षांचे, रावेर पट्ट्यात केळीचे घड वाहायचं काम. सी५-सी६ची (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली) गादी उजवीकडे सरकून नस दबली आहे. अंगठ्यापर्यंत मुंग्या, कोपरात हात वाकवायला जोर कमी. चाल ठीक. गोळ्या-फिजिओ ३ महिने झाले. एक सर्जन फ्यूजन सांगतात, दुसरे कृत्रिम गादी. दोन्ही खर्चांत बराच फरक आहे.

मणकेदार: भाऊ, नुसता बिलाचा शेवटचा आकडा बघू नका. इम्प्लांटची (आत बसवायच्या वस्तूंची) ओळ वेगळी लिहून मागा. एका पातळीच्या (एकाच गादीच्या जागी) फ्यूजनला बहुधा एक केज (गादीच्या जागी बसणारा ठोकळा), एक प्लेट आणि ४ स्क्रू लागतात. फरक मुख्यतः तिथेच असतो.

फ्यूजनचा छुपा खर्च पुढे येतो. जोडलेला भाग हलत नाही, ताण शेजारच्या गाद्यांवर जातो. १९९९च्या एका गाजलेल्या अभ्यासात दरवर्षी सुमारे ३ टक्के, १० वर्षांत जवळपास चौथाई रुग्णांना शेजारच्या पातळीवर नवा त्रास झाला. (त्यात वयाची झीजही आलीच, सगळं खापर फ्यूजनवर फोडू नका.) म्हणून चाळिशीतल्या माणसाला हलती राहणारी कृत्रिम गादी परवडू शकते, सत्तरीतल्याला क्वचितच.

पण मणक्यांमागचे सांधे झिजलेले असतील, गादीची उंची बसलेली असेल, हाड ठिसूळ असेल किंवा मणका सरकत असेल, तर कृत्रिम गादी बसवू नये. कधी तिच्याभोवती हाड वाढून ती जखडते, म्हणजे कृत्रिम गादीच्या भावात फ्यूजनच! मान वाकवून-ताणून एक्स-रे आणि सीटी झाल्याशिवाय होकार देऊ नका.

तापीकाठ: तिसरा पर्याय कुणी सांगितला का? गादी मऊ आणि कडेलाच असेल, तर मागून छोटी खिडकी करून नस मोकळी करतात. इम्प्लांटच नाही. नेदरलँड्समधल्या २६५ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरानंतर हाताच्या दुखण्यात ही शस्त्रक्रिया फ्यूजनपेक्षा कमी पडली नाही. मात्र सांध्याचा निम्म्याहून जास्त भाग कापला तर मणका डळमळतो, आणि दाब मधोमध मज्जारज्जूवर असेल तर ही वाट बंद.

मणकेदार: बरोबर. रुग्ण बिडी ओढतात का? ओढत असतील तर फ्यूजनचं हाड जुळायला अडतं, मग दुसरं ऑपरेशन. तंबाखूही आधीच सोडवा. २०-२५ किलोचा घड डोक्यावर घ्यायला निदान ३ महिने मिळणार नाही, ती बुडणारी मजुरीही हिशेबात धरा. राज्य सरकारच्या महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पॅकेजमध्ये इम्प्लांट धरलंय का, हे आरोग्यमित्राकडून (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) लेखी घ्या.

शर्टाची बटणं लागेनाशी झाली किंवा चाल अडखळली, तर मज्जारज्जू दबत असू शकतो; हा हिशेब तिथेच थांबवून लगेच सर्जनकडे न्या.

यावलकर: वाकवून-ताणून एक्स-रे झालेला नाही, सीटीही नाही. उद्या भुसावळला दोन्ही करून घेतो.