मदत हवी आहे: थेंबोबाच्या गाण्याचा अर्थ

मंडळी, मुलीच्या वर्गात जलचक्रावर गाणं बसवताहेत. बाईंनी स्वतःच रचलंय. मुलं हसून लोळतात, पण मला निम्मं कळत नाही.

थेंबोबा चालले फिरायला, मीठ ठेवलं घरी
नऊ दिवसांची रजा त्यांची, सामान नाही तरी
धूळबाईच्या मांडीवर मग बसले अंग चोरून
दहा लाख भाऊ जमले तेव्हा आले खाली घसरून
धाकटा भाऊ मुरला खाली, म्हातारा होऊन आला
थोरला म्हणतो, "आजोबा नमस्कार!" सांगा कसा झाला?

मिठाचं कळलं, समुद्राची वाफ होते तेव्हा मीठ मागेच राहतं. पण नऊच दिवस का? आणि ही धूळबाई कोण? लेकीला तिचंच काम मिळालंय, आणि "मला धूळ केलं" म्हणून ती कालपासून रुसून बसलीय. जरा लवकर सांगा.

प्रतिसाद १
अहो, सगळ्यात भारी काम तिलाच मिळालंय! नुसत्या वाफेचा थेंब सहजी बनत नाही, तिला टेकायला काहीतरी कण लागतो: धूळ, धूर, परागकण. गंमत म्हणजे लाटा फुटतात तेव्हा समुद्राचे तुषार उडतात, ते सुकून मिठाचे बारीक कणही वर जातात. म्हणजे घरी ठेवलेलं मीठच कधीकधी धूळबाई होऊन पुढे हजर!

दहा लाखांचा हिशोब असा. ढगातला थेंब साधारण ०.०२ मिलिमीटरचा, पावसाचा २ मिलिमीटरचा. व्यास शंभरपट, म्हणून आकारमान शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर. बाईंचं गणित पक्कं आहे.

नऊ दिवस ही सरासरी. वाफ हवेत साधारण तेवढीच टिकते. एखादा थेंब संध्याकाळीच परत येईल, त्याची रजा रद्द.

प्रतिसाद २
म्हातारा भाऊ म्हणजे भूजल. जमिनीत मुरलेलं पाणी खडकांच्या फटींतून इतकं सावकाश सरकतं की झऱ्यातून बाहेर पडायला कधी काही वर्षं, तर कधी हजारो वर्षं लागतात. तोवर थोरल्याच्या कितीतरी फेऱ्या होतात. पण दोघे भाऊ, मग "आजोबा" कशाला? तिथे बाईंनी यमकाचं नाही, वयाचं बघितलं.

धागाकर्ती
दोघांचे आभार. लेकीला वाचून दाखवलं. आता "मी नसले तर थेंबोबा लटकलेलेच राहतील" असं घरभर ऐकवत फिरतेय. आजोबांचं मात्र तिला अजून पटलेलं नाही. म्हणते, पाण्याला सुरकुत्या कुठे पडतात?