व्हेंडर 'नाही' म्हणतो, तरी ॲप पोस्टग्रेसवर न्यायचं का?

रातपाळी१२:
कारखान्यात पगार-हजेरीचं विकतचं सॉफ्टवेअर आहे, खाली ओरॅकल हा विकतचा डेटाबेस. सपोर्टचं बिल दरवर्षी लायसन्सच्या किमतीच्या २२ टक्के. पोस्टग्रेस या फुकटच्या डेटाबेसवर नेऊ का विचारलं, तर ॲप विकणारा व्हेंडर म्हणतो, "पोस्टग्रेस आमच्या यादीत नाही." माझं मत, न्यावंच. ओरा२पीजी या डेटा हलवायच्या टूलने एका शनिवारात सगळी टेबलं उतरवली. डेटा आपला, मग त्याच्या यादीची वाट का बघायची?

जुना_डीबीए:
टेबलं उतरली म्हणजे नुसता साखरपुडा झाला. हा उद्योग मी केलाय. स्लिपवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव दोन उभ्या रेघांनी (||, मजकूर जोडायचं चिन्ह) जोडलेलं. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग (कोरा मजकूर) नलच, म्हणजे 'मूल्यच नाही' असं धरतं, आणि जोडताना नल आला तर तो सोडून बाकीचं छापतं. पोस्टग्रेसमध्ये एक नल आला की अख्खं उत्तर नल. वडिलांचं नाव न भरलेल्या सगळ्यांच्या स्लिपा निघाल्या कोऱ्या नावाच्या, रक्कम मात्र पैशापर्यंत बरोबर! दुरुस्ती एका ओळीची, पण ती ओळ व्हेंडरच्या बंद एक्झीत (तयार प्रोग्रॅममध्ये). फोन केला तर पहिला प्रश्न, "डेटाबेस कोणता?" तिथेच बोलणं खुंटलं. ॲप सुरू झालं हेच वाईट झालं. झालंच नसतं तर पहिल्या दिवशी शहाणे झालो असतो.

खटपट्या:
दादा, हे चाचणीत सापडायला हवं होतं. पोस्टग्रेसवर ओराफ्से हे एक्स्टेन्शन टाकलं की ओरॅकलचे एनव्हीएल, ड्युअल चालतात. आणि सपोर्ट असून तरी काय मिळतं? आमचं तिकीट 'लॉग पाठवा'च्या पुढे कधी सरकलं नाही.

जुना_डीबीए:
ओरॅकलच्या जुन्या पद्धतीचे, कंसातल्या अधिकच्या चिन्हाने टेबलं जोडणारे जॉइन ओराफ्सेने चालतात का? नाही. रोनम (ओळींचा क्रमांक)? तेही नाही.

मधली_सुट्टी:
ट्रान्झॅक्शनचं, म्हणजे एकत्र पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गठ्ठ्याचं, कुणीच बोललं नाही. जुन्या ॲपांची सवय असते, आधी इन्सर्ट मारायचा, डुप्लिकेटची एरर आली की अपडेट. ओरॅकलमध्ये तेवढं एक स्टेटमेंट मागे फिरतं. पोस्टग्रेस रोलबॅक होईपर्यंत, म्हणजे सगळा गठ्ठा मागे फिरेपर्यंत, पुढचं काही ऐकतच नाही; मध्ये सेव्हपॉइंट (परतायची खूण) टाकला असेल तरच ऐकतं. सोर्स हातात नसेल तर सेव्हपॉइंट टाकणार कुठे? स्वतः लिहिलेलं ॲप खुशाल न्या. दुसऱ्याचं नको.

रातपाळी१२:
स्लिपचं वाचून लगेच क्वेरी मारली. वडिलांचं नाव रिकामं असलेले ४१ जण निघाले. बरं झालं विचारलं. तरी बिल काही पटत नाही. एमआयएसचे (व्यवस्थापनाला लागणारे) रिपोर्ट आमचे आम्ही लिहिलेत, ते आधी पोस्टग्रेसच्या कॉपीवर नेतो. आणि नूतनीकरणाआधी व्हेंडरकडून लेखी घेतो, पोस्टग्रेसची आवृत्ती कधी देणार ते.

खटपट्या:
शेवटी मागेच सरकलात की!

जुना_डीबीए:
लेखी म्हणजे ईमेल नव्हे हं. लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी.