'कट्यार' आवडायला आधी नाटक पाहिलेलं असावं लागतं का?

रविवारचा प्रेक्षक: मी समीक्षक नाही, सुट्टीच्या दिवशी घरच्यांसोबत बसून सिनेमे बघणारा माणूस आहे. पण सुबोध भावेंचा 'कट्यार काळजात घुसली' (२०१५) आवडला असं कुठेही म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "मूळ नाटक पाहिलंय का?" पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे संगीत नाटक १९६७चं, पंडितजी आणि खाँसाहेब या दोन घराण्यांच्या गायकांमधल्या चढाओढीचं. वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांचा हेवा वाटतो, पण माझा जन्मच नंतरचा. म्हणून मी मत द्यायचंच नाही?

मला रागदारी कळत नाही. तरी 'घेई छंद मकरंद' एकदा पंडितजींच्या संथ चालीत आणि एकदा खाँसाहेबांच्या चपळ, तानांनी भरलेल्या चालीत ऐकलं, आणि दोन घराण्यांचं भांडण कशावरून आहे ते लख्ख कळलं. शब्द तेच, माणसं वेगळी. जो चित्रपट माझ्यासारख्याला इथवर आणतो, तो स्वतःच्या पायावर उभा आहे.

तिसरी घंटा: अजिबात सहमत नाही. ज्या दोन चालींचं तुम्ही कौतुक करताय, त्या नाटकातल्याच आहेत. श्रेय नाटकाचे संगीतकार अभिषेकीबुवांचं आणि वसंतरावांचं, आणि तुम्ही ते चित्रपटाच्या खात्यात टाकताय. मूळ माहीत नसलं की हे असं होतं.

दुसरं म्हणजे, संगीत नाटकात जो नट, तोच गायक. संवाद म्हणता म्हणता तो सूर लावतो, दम लागलेला दिसतो, वन्समोअर आला की तेच पद पुन्हा वेगळ्या अंगाने गातो. चित्रपटात चेहरा सचिन पिळगांवकरांचा आणि गळा राहुल देशपांड्यांचा. खाँसाहेबांचा अहंकार गळ्यातून यायला हवा, तो डोळे वटारून येत नाही.

रविवारचा प्रेक्षक: श्रेयाचा मुद्दा मान्य, चाली त्यांच्याच. पण त्या माझ्यापर्यंत आणल्या कुणी? आणि शंकर महादेवन पंडितजी झालेत ते स्वतःच्याच आवाजात. 'सूर निरागस हो' तर चित्रपटासाठीच नव्याने केलेलं. जुन्या पदांच्या पंगतीला बसूनही ते परकं वाटत नाही.

मिरजकर: तिसरी घंटा, एक विसरताय. हा चित्रपट करणाऱ्यांनी आधी ते नाटक स्वतः रंगमंचावर केलं होतं. २०१०च्या सुमारास भावेंच्याच दिग्दर्शनात ते पुन्हा उभं राहिलं, राहुल देशपांडे खाँसाहेब आणि महेश काळे पंडितजींचा शिष्य सदाशिव. पुढे चित्रपटातल्या 'अरुणि किरणी'साठी काळ्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मूळ न समजता केलेलं काम नाही हे.

माझी तक्रार वेगळी. चित्रपटात पदं फार आखूड होतात. गाणं रंगायला लागलं की दृश्य पुढे सरकतं.

वाचनवेडी: मला 'शाळा' आठवतो. मिलिंद बोकिलांची कादंबरी जोशीच्या डोक्यात घडते. नववीतला मुलगा आईला मनातल्या मनात आईसाहेब म्हणतो, बहिणीला अंबाबाई. ती बडबड हेच पुस्तक आहे. सुजय डहाकेंच्या चित्रपटाला रूपांतरित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मुलांनी कामंही छान केली, पण पडद्यावर ती बडबड गप्प झाली. पुस्तक न वाचलेल्याला काय हरवलं हे कळणारच नाही. म्हणून मूळ माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

रविवारचा प्रेक्षक: ताई, मला त्या चित्रपटात आवडत्या मुलीकडे, शिरोडकरकडे, चोरून बघणारा जोशी दिसला आणि पोटात कालवलं. काय हरवलं ते तुम्हाला कळतं, काय उरलं ते मला कळतं. दोन्ही मतं खरी का नसावीत?

जुना दूरदर्शनवाला: 'सिंहासन'चं नाव कुणीच कसं घेत नाही? अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांनी त्यांची एक पटकथा केली आणि जब्बार पटेलांनी १९७९ साली चित्रपट. भरपूर कापलं, तरी आजही त्यातला पत्रकार दिगू टिपणीस म्हटलं की निळू फुलेच दिसतात. कापायचं कुठे हे लिहिणाऱ्याला कळत असलं की प्रेक्षकाला मूळ वाचून यावं लागत नाही.

तिसरी घंटा: 'सिंहासन'बद्दल वाद नाही. पण कादंबरीचं वाक्य कापलं तरी कथा उरते. पदातली तान कापली तर काय उरतं? रविवारचा प्रेक्षक, वसंतरावांचं नाटकातलं 'सुरत पिया की' एकदा पूर्ण ऐका आणि मग इथे लिहा. चित्रपट तितकाच आवडला तर मी पुन्हा हा प्रश्न विचारणार नाही.

रविवारचा प्रेक्षक: आज रात्रीच ऐकतो. उद्या लिहितो.