सोसायटी ग्रुप : किराया 17 हजार, की राऊ-देवासला स्वतःचं घर?

मृणाल (बी-302): सगळ्यांना नमस्कार. घरमालकांनी जूनपासून किराया 14 चा 17 हजार करणार म्हणून कळवलंय. सौरभची नोकरी इंदूरबाहेर पीथमपूरच्या कारखान्यांकडे, माझी इंदूरातच विजय नगरला, आणि आता सासूबाईही कायमच्या येतायत. एवढा किराया भरायचा तर हप्ताच का नको, असं वाटायला लागलंय. बजेट रजिस्ट्रीसकट 30 लाख. इंदूर, आसपास किंवा मध्य प्रदेशात कुठेही चालेल. कुठे बघावं?

पंकजभाऊ (सेक्रेटरी): जाऊ नका हो, मेंटेनन्स वेळेवर देणारे तुम्ही दोघंच आहात 😄

अमोल (सी-204): राऊ. दुसरा विचारच नको. पीथमपूर त्याच बाजूला, आयआयएम तिथेच, रेल्वेलाईन आहे, आणि भाव अजून आवाक्यात आहेत.

शैलाकाकू (बी-104): अमोल, तिची नोकरी विजय नगरला आहे ते वाचलंस का? राऊ एका टोकाला, विजय नगर दुसऱ्या टोकाला. सगळं शहर चिरत जायचं तिनं रोज, तेही स्कूटीवर.

अमोल: काकू, पण पीथमपूर लांब ना.

शैलाकाकू: त्याला कंपनीची बस आहे. दारातून उचलते, दारात सोडते, तो खिडकीला डोकं टेकून झोपतो. पेट्रोल कोणाचं जळतं? तिचं. मग घर कोणाच्या ऑफिसजवळ हवं?

मृणाल: काकू 🙏 हे घरात कोणाला सुचलंच नव्हतं. बस विजय नगरहूनही सुटते, सौरभनं आत्ताच विचारलं.

जयंतकाका (ए-101): मी देवासचा, म्हणून देवासबद्दल लिहितो. विजय नगरपासून देवास 35 किलोमीटरच्या आत. घरं इंदूरपेक्षा स्वस्त, मराठी माणसं भरपूर. देवास संस्थानच्या थोरली पाती, धाकटी पाती अशा दोन गाद्या, दोन्ही पवारांच्याच. हवा म्हणाल तर कुमार गंधर्व 1948 मध्ये क्षयातून उठायला तिथे आले आणि तिथलेच होऊन गेले. माझी सगळी नोकरी नोट प्रेसमध्ये झाली, मला तर देवास सोडवत नव्हतं.
पण पाण्याचं सांगतो. 1990 च्या एप्रिलमध्ये इंदूरहून रेल्वेनं पाण्याचे टँकर आले होते आमच्याकडे. लोक स्टेशनवर गाडी बघायला गेले. गावातले तलाव बुजवून बुजवून ही पाळी आली होती. पुढे 2014 मध्ये नर्मदेचं पाणी क्षिप्रेत सोडलं, तेव्हा जरा हायसं झालं. तरी घर घेणारानं आधी नळ उघडून बघावा, मग भिंतीचा रंग.

अमोल: आणि जयंतकाका, रस्ता? 2025 च्या जूनमध्ये इंदूर-देवास रस्त्यावर केवढा जाम लागला होता, आठवतं ना. पुलांची कामं चालू असताना रोज त्या रस्त्यानं नोकरी करणं म्हणजे लॉटरी. आणि सौरभचं काय? देवासहून पीथमपूर म्हणजे इंदूर पूर्ण ओलांडून पलीकडे.

जयंतकाका: ते खरं. दोघांपैकी एकाची नोकरी देवासलाच असेल तरच देवास. तिथे कारखाने आहेत, बदली मिळत असेल तर बघ म्हणावं सौरभला.

वर्षाताई (सी-301): उज्जैन नाही का चालणार? माझ्या नणंदेचं घर आहे तिथे. ऐसपैस.

शैलाकाकू: आता उज्जैन नको. 2028 चा सिंहस्थ जवळ आलाय. जिकडे बघावं तिकडे रस्ते खणलेले, आणि मंदिराभोवती महाकाल लोकचा नवा परिसर झाल्यापासून ज्याला त्याला घराचं होमस्टे करायचंय. श्रावणातल्या सोमवारी तर तुला तुझ्याच गल्लीत शिरता येणार नाही. सासूबाईंना मात्र फार आवडेल, ते वेगळं.

मृणाल: सासूबाई मूळच्या बुऱ्हाणपूरच्या. त्या म्हणतात, तिकडेच चला सगळे 😀

जयंतकाका: वाईट नाही म्हणत त्या! मुंबईकडच्या मेन लाईनवरचं गाव, भुसावळ हाकेच्या अंतरावर, बाजारात मराठी सर्रास, केळी तर विचारूच नका. रिटायर झालेल्या माणसाला, ज्याचं गणगोत खानदेशात आहे त्याला, मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरसारखं स्वस्त गाव सापडायचं नाही. पण तुमच्या वयाला तिथे नोकऱ्या कुठल्या? पॉवरलूम आणि दुकानदारी. आणि दवाखान्याचं मोठं काही निघालं की इंदूर गाठायचं.

श्रीकांत (ए-203): ग्वाल्हेर! तिथल्या लष्कर भागात आमचा वाडा रिकामा पडलाय, किराया नको, फक्त दिवा लावा.

पंकजभाऊ: श्रीकांतभाऊ, मेच्या उन्हात त्या वाड्यात राहून दाखवा, मग बोलू.

श्रीकांत: म्हणूनच तर रिकामा आहे 😅

पंकजभाऊ: बरं, विषयांतर : बी विंगसमोर 09 पासिंगची पांढरी स्विफ्ट कोणाची? कचरागाडी अडकलीय.

वर्षाताई: आमच्या पाहुण्यांची, काढतायत.

मृणाल: आणखी एक. बायपासच्या पलीकडे एक कॉलनी बघून आलो. प्लॉट 14 लाखांत, वर घर बांधायचं. एजंट म्हणतो, दोन वर्षांत डबल होतील. कागद म्हणून पंचायतीची एनओसी दाखवली.

अमोल: थांब थांब. आता बँकेतला माणूस म्हणून लिहितो, जरा लांब होईल.
पंचायतीच्या एनओसीनं कॉलनी होत नसते. जमिनीचं डायव्हर्शन, म्हणजे शेतीची राहण्यासाठी अशी नोंद, झालंय का, टी अँड सीपीचा, म्हणजे नगररचना खात्याचा, मंजूर नकाशा आहे का, डेव्हलपमेंट परमिशन आहे का, रेराचा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर आहे का, एवढं माग. नंबर मिळाला की एमपी रेराच्या साईटवर टाकून बघ. एजंटनं दाखवलेल्या प्रिंटवर जाऊ नकोस. हे नसेल तर ती अवैध कॉलनी. मग नर्मदेच्या पाण्याची लाईन नाही, ड्रेनेज नाही, आमची बँक कर्ज देत नाही, आणि विकायला जाशील तेव्हा घेणाराही तुझ्यासारखाच नोटरीवाला शोधावा लागेल. नोटरीवर लिहून दिलेला प्लॉट म्हणजे पैसे दिल्याची पावती. मालकी रजिस्ट्रीनंच मिळते.
इंदूरजवळच्या महू छावणीचंही सांगून ठेवतो, कारण सौरभला ते जवळ पडेल. कँटोनमेंटच्या हद्दीत पुष्कळ ठिकाणी जमीन सरकारची आणि वरचं बांधकाम तेवढं माणसाचं असतं, ओल्ड ग्रँट म्हणतात त्याला. हद्दीबाहेरचं घर असेल तर बेशक बघा.
आता पैशाचं. 25 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, साडेआठ टक्के धरले तर हप्ता 21,700 च्या घरात. 17 हजार किरायाशी त्याची बरोबरी नाही होत, हे आधी मनाशी पक्कं करा. वर शहरात रजिस्ट्रीचा खर्च साडेबारा टक्क्यांच्या आसपास. घर मृणालच्या एकटीच्या नावावर घेतलं तर 2 टक्के सूट, म्हणजे 26 लाखांवर 52 हजार. सौदा गाइडलाइनपेक्षा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या भावापेक्षा, स्वस्तात झाला तरी ड्यूटी गाइडलाइनवरच लागते. गाइडलाइन एप्रिलमध्ये बदलते, रजिस्ट्रीच्या संपदा 2.0 पोर्टलवर बघून घ्या.

मृणाल: बापरे. म्हणजे 30 लाखांत घर 26-27 लाखांचंच बसतं.

अमोल: तेवढंच. रंगरंगोटी अजून धरलीच नाही.

सौरभ (बी-302): अमोलदादा, घर तिच्या नावावर, ऑफिसजवळ तिच्या. मी कुठे राहायचं?

शैलाकाकू: बसमध्ये.

जयंतकाका: 😂😂

शैलाकाकू: आता माझं ऐका. नवीन टॉवर, बायपास, सुपर कॉरिडॉर, मेट्रो हे सगळं सोडा. मेट्रो गांधी नगरपासून सुपर कॉरिडॉरच्या स्टेशन 3 पर्यंत सुरू झाली, तिथून तुमच्या दोघांपैकी कोणाचंच ऑफिस येत नाही. तुम्ही नंदा नगर, परदेशीपुरा, सुखलिया बघा. नंदा नगर मिलच्या कामगारांसाठी वसलेलं. मिला बंद पडल्या, पण वस्ती तशीच नांदती आहे. विजय नगर तिथून स्कूटीवर चुटकीसरशी. घरं जुनी, गल्ल्या अरुंद, कार लावायला जागा नाही. तुमच्याकडे कार आहे कुठे? मुख्य म्हणजे नर्मदेची लाईन आत आलेली आहे. नर्मदाकाठच्या जलूदहून 70 किलोमीटर पंपानं चढवून आणलेलं ते पाणी एक दिवसाआड का होईना, नळाला येतं. बायपासवर माझी भाची राहते, सुंदर फ्लॅट, झूल्यासकट बाल्कनी. मार्च लागला की टँकरवाल्याचा फोन नंबर नवऱ्याच्या नंबरच्या वर सेव्ह करते. बोअरच्या पाण्यानं गिझर दोनदा बदलला.

वर्षाताई: काकू, पण तिसरा मजला नको हं त्यांना. सासूबाई आहेत, आणि जुन्या घरांना लिफ्ट नसते.

शैलाकाकू: अर्थात. तळमजला किंवा पहिला.

अमोल: काकूंचं पटतंय. फक्त जुन्या घरात वारसांची भानगड असते. वडिलांच्या नावावर घर, चार भाऊ, एक बहीण जळगावला दिलेली. सगळ्यांच्या सह्या हव्यात. मागच्या रजिस्ट्रीची साखळी आणि मालमत्ता कराची पावती बघितल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही. दहा हजारसुद्धा नाही.

मृणाल: ठरलं. बायपास बाद. सासूबाई म्हणतायत, नंदा नगरला त्यांची एक मैत्रीण आहे.

शैलाकाकू: मग एजंट कशाला? तिलाच विचारा गल्लीत कोणाचं घर निघतंय. आणि रविवारी सकाळी नळाच्या वेळेला जा. वेळ मैत्रिणीकडून काढून घे, घरमालकाकडून नको.

सौरभ: रविवार माझा एकच सुट्टीचा दिवस आहे.

शैलाकाकू: झोप बसमध्ये होतेच की.

अमोल: मी येतो बरोबर. मृणाल, मैत्रिणीनं घर दाखवलं की आधी रजिस्ट्रीचा फोटो मला पाठव. ग्रुपवर नको, पर्सनलवर.