पापणीचा ‘फ्लॅप’: कलम, झडप की पदर? (बोलणारे आपापल्या गावाच्या नावाने)

फोंडा: पापणीवरची कर्करोगाची गाठ काढल्यावर शेजारचीच कातडी सरकवून खड्डा भरतात. रुग्णांच्या मराठी पत्रकात त्या ‘फ्लॅप’ला काय म्हणावं? मसुद्यातल्या ‘त्वचाकलम’वर डॉक्टरांनी काट मारली आहे.

डिचोली: काट योग्यच. कलम म्हणजे छाटून दुसरीकडे लावलेलं, म्हणजे ग्राफ्ट. नव्या जागेतून रक्त मिळालं तरच ते जगतं. फ्लॅपचा देठ मूळ जागी शाबूत असतो, रक्त तिथूनच येत राहतं. पोर्तुगीजमध्ये ग्राफ्टला ‘एंशेर्तू’, झाडाच्या कलमालाही तोच शब्द. फ्लॅपला मात्र ‘रेताल्यू’, म्हणजे कापडाचा तुकडा. तुकडा तर तुटलेलाच, तेव्हा त्यांचंही फारसं जमलेलं नाही!

म्हापसा: मानकुराद आंब्याचं भेटकलम चालेल की. फांदी आईझाडावरच ठेवून रोपाला बांधतात, सांधा जुळला की कापतात. ह्यूज फ्लॅप हुबेहूब तसा. खालच्या पापणीचा निम्म्याहून मोठा, पूर्ण जाडीचा भाग गेला, तर वरच्या पापणीच्या आतून टार्सस (पापणीला ताठ ठेवणारी पट्टी) आणि श्लेष्मल अस्तर यांचा पट्टा खाली आणून शिवतात. वरच्या काठालगत निदान ४ मिमी टार्सस राखायचा, नाहीतर वरची पापणीच वाकडी होते. पट्ट्याच्या पुढे कातडीचा ग्राफ्ट. देठ साधारण ३ ते ६ आठवड्यांनी कापतात, तोवर डोळा झाकलेला. दुसऱ्या डोळ्याने दिसत नसेल तर हा मार्ग सहसा टाळतात.

इथेच कलम आणि फ्लॅप यांतला फरक जिवावरचा ठरतो. पुढचा थर कातडी आणि स्नायूचा, मागचा टार्सस आणि अस्तराचा. दोन्ही नव्याने द्यायचे तर एक तरी स्वतःचा रक्तपुरवठा असलेला हवा. ग्राफ्टवर ग्राफ्ट ठेवला तर मरतो.

फोंडा: भेटकलम बागायतदाराला कळेल, पणजीतल्या फ्लॅटवाल्याला नाही. ‘झडप’ कशी वाटते?

डिचोली: झडप हृदयाची, गोंधळ होईल. ‘पदर’ घ्या. पदर वस्त्रापासून सुटत नाही, आणि थर हा अर्थही त्यात आहेच. ‘सरकपदर’, ‘फिरपदर’ असे जोडशब्द मात्र नकोत. ‘पदर सरकवला’, ‘पदर फिरवला’ एवढं पुरे. डिस्चार्ज कार्डावर फ्लॅपच लिहिलेलं असणार, म्हणून तो शब्दही शेजारी ठेवा.

म्हापसा: पदर मान्य. पण सगळ्यांना पदर लागत नाही हेही लिहा. पापणीच्या पाव भागापर्यंतची फट बहुधा थेट शिवता येते, वयस्कांच्या सैल पापणीत थोडी जास्तच. निम्म्यापर्यंत टेंझेल पद्धतीचा, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून घेतलेला अर्धगोल पदर. शिवताना ताण आडवा हवा. उभा पडला तर खालची पापणी बाहेर वळते आणि डोळा पाणावत राहतो. याला पत्रकात ‘पापणी ओघळते’ असं लिहू नका, ओघळते ती वरची. इथे ‘बाहेर वळते’ हवं.

आणि ‘नवी पापणी’ हा शब्द काढाच. मराठीत पापणी म्हणजे केसही. पदराला केस येत नाहीत, वाचणारा मात्र त्यांची वाट बघत बसेल.